पन्नास येनवरचे आजोबा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी नोटा जमवायचा मला नाद आहे. अल्बमच्या पहिल्या पानावर १९४६ च्या नोटा आहेत, घाईघाईत छापलेल्या, दिसायला अगदी गरीब. भाव इतके भडकले होते की छपाईची सुबकता बघायला वेळ कुणाला होता? दोन-तीन पानं उलटली की १९५० नंतरच्या नोटा येतात आणि एकदम घडी बसल्यासारखी वाटते. त्यातली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे १९५१ ची ५० येनची नोट. पुढे गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या दाढीचे एक आजोबा, मागे बँक ऑफ जपानची इमारत. आजोबांचं नाव ताकाहाशी कोरेकियो. नोटेच्या या दोन बाजूंचं नातं कळलं आणि मी या माणसाच्या मागेच लागलो.

जन्म १८५४ चा, टोकियोत (तेव्हाचं एदो). वडील चित्रकार, आई त्यांच्या घरची मोलकरीण. लग्नाचं नातं नव्हतं, म्हणून बाळ एका साध्या शिपायाच्या घरी दत्तक गेलं. १८६७ मध्ये शिकायला म्हणून अमेरिकेला पाठवलं. तिथे या पोराने न वाचता एका कागदावर सही केली आणि तो निघाला वेठबिगारीचा करार! शिक्षण राहिलं बाजूला, घरगड्याचं काम नशिबी आलं. कसाबसा सुटून वर्षभराने परतला तो फक्त एक गोष्ट घेऊन, ती म्हणजे इंग्रजी. त्याच जोरावर मास्तरकी मिळाली, आणि दारूपायी गेलीही. मग काही काळ एका गेशाची वाद्यं वाहायचं काम केलं. (ए.टी.के.टी. लागली म्हणून रात्रभर गॅलरीत फेऱ्या मारणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.)

पुढे गाडी रुळावर आली. जपानची पेटंट पद्धत उभी करण्यात याच माणसाचा मोठा हात. आणि हे जमलंय म्हणेपर्यंत नोकरी सोडून पेरूमध्ये चांदीच्या खाणीच्या धंद्यात उडी! खाण आधीच उपसून झालेली निघाली. राहतं घरसुद्धा गेलं.

आता नोटेची मागची बाजू. १८९२ मध्ये अडतीस वर्षांचा हा कफल्लक माणूस बँक ऑफ जपानमध्ये लागला तो बँकर म्हणून नव्हे, तर नव्या इमारतीच्या बांधकाम कचेरीत हिशेब आणि खरेदी बघायला. आर्किटेक्ट होते तात्सुनो किंगो, म्हणजे पूर्वी याच्याच वर्गात इंग्रजी शिकलेला विद्यार्थी. शिष्य साहेब आणि गुरू हाताखाली! खर्च हाताबाहेर चालला होता. वरच्या मजल्यांना भरीव दगड न वापरता विटा घालायच्या आणि बाहेरून पातळ दगड लावायचा, अशी तोड निघाली. पैसे वाचले, शिवाय वरचं वजन कमी झालं, जे भूकंपाच्या देशात चांगलंच. सिव्हिलच्या मंडळींनी नोंद घ्यावी. १८९६ मध्ये इमारत पुरी झाली. १९११ मध्ये हाच माणूस त्या बँकेचा गव्हर्नर झाला.

मधल्या काळात रशियाशी युद्ध झालं तेव्हा लंडन-न्यूयॉर्कच्या सावकारांकडून जपानसाठी कर्ज उभं केलं ते यांनीच. १९२१ मध्ये पंतप्रधानही झाले, पण ती कारकीर्द काही खास नाही. मला भावतं ते १९२७ साल. बँकांसमोर लोकांच्या रांगा लागलेल्या. बहात्तराव्या वर्षी यांना अर्थमंत्री म्हणून बोलावलं. यांनी तीन आठवडे देणी थांबवली आणि २०० येनच्या नोटा छापायला लावल्या, त्याही एकाच बाजूने! मागची बाजू कोरी, कारण वेळच नव्हता. काउंटरवर नोटांच्या थप्प्या दिसल्या आणि लोक निवांत घरी गेले. नोट म्हणजे काय, हे या माणसाला बरोबर कळलं होतं.

१९३१ च्या डिसेंबरात पुन्हा तेच पद. जग मंदीत बुडालेलं. यांनी येनची सोन्याशी असलेली गाठ सोडली, वर्षभरात येन डॉलरच्या तुलनेत निम्म्याहून खाली आला, निर्यात वाढली. शिवाय १९३२ पासून सरकारचे रोखे थेट बँक ऑफ जपानने घ्यायचे, अशी सोय केली. जपान मंदीतून लवकर बाहेर आला. लोक कौतुकाने यांना दारुमा म्हणत. ही जपानी बाहुली, गोलमटोल, पाडली तरी उठून बसणारी, आपल्याकडून गेलेल्या बोधिधर्मावरून आलेली.

पण या सोयीबद्दल माझं मन द्विधा आहे. काम झाल्यावर नळ बंद करायला हवा, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते सैन्याच्या खर्चाला कात्री लावू लागले. सैन्यातल्या तरुणांना ते खपलं नाही. २६ फेब्रुवारी १९३६ च्या बर्फाळ पहाटे काही अधिकारी घरात शिरले आणि एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला अंथरुणातच मारलं. पुढे तोच नळ लष्कराच्या हाती लागला आणि तो पूर्ण सोडला गेला. अल्बमच्या पहिल्या पानावरच्या त्या गरीब नोटा म्हणजे त्याचाच पूर.

५० येनचं नाणं आल्यावर १९५८ मध्ये ही नोट काढणं बंद झालं, मात्र कायद्याने ती जपानमध्ये अजून चलनात आहे. त्यांचं लाकडी घर टोकियोजवळ कोगानेईच्या खुल्या वास्तुसंग्रहालयात हलवून उभं केलंय. ज्या खोलीत ते गेले, ती वरच्या मजल्यावर आहे.