दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै, १९०७ - २९ जून, १९६६) हे भारतीय गणितज्ञ, इतिहासकार आणि नाणकशास्त्रज्ञ होते. झिजलेल्या प्राचीन नाण्यांच्या अभ्यासात संख्याशास्त्राचा वापर करणाऱ्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन

कोसंबी यांचा जन्म गोव्यातील कोसबेन येथे झाला. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ मध्ये पदवी घेऊन ते भारतात परतले. बनारस व अलीगढ येथील अध्यापनानंतर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. १९४६ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते.

आहत नाण्यांचा अभ्यास

चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचे नाव किंवा वर्ष नसते. केवळ ठशांनी उमटवलेली चिन्हे असतात. दीर्घकाळ वापरात राहिलेल्या नाण्यांवरील चिन्हेही पुसट होतात. त्यामुळे त्यांचा काळ ठरवणे अवघड असते. कोसंबींनी या झिजेलाच पुरावा मानले. नाणे हातोहात फिरताना दरवेळी किंचित धातू गमावते. म्हणून एकाच प्रमाणाने पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळानुसार घटते आणि त्यांच्या वजनांतील तफावत वाढते. हा नियम पडताळण्यासाठी त्यांनी चलनातील आधुनिक नाणीही तोलली.

तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ मध्ये सापडलेल्या साठ्यातील नाण्यांना त्यांनी ही पद्धत लावली. या साठ्यात अलेक्झांडरची नाणी असल्याने त्याच्या काळाचा अंदाज बांधता येत होता. मागील बाजूस अधिक छाप असलेली नाणी सरासरीने हलकी असल्याचे त्यांना आढळले. त्यावरून हे छाप सराफांनी वेळोवेळी केलेल्या तपासणीच्या खुणा असावेत, असे अनुमान त्यांनी मांडले.

मर्यादा आणि महत्त्व

ही पद्धत एकाच साठ्यातील नाण्यांच्या समूहाला लागू पडते. एकट्या नाण्याच्या वजनावरून त्याचे वय सांगता येत नाही. साठ्यातील झिजलेली नाणी वगळली, किंवा साफ करताना त्यांचा धातू गेला, तर निष्कर्ष बिघडतो. विशिष्ट चिन्हे विशिष्ट राजांशी जोडण्याचे कोसंबींचे प्रयत्न मात्र वादग्रस्त ठरले. तरीही देखण्या नाण्यांइतकेच झिजलेल्या नाण्यांचे जतन आवश्यक आहे, ही गोष्ट त्यांच्या कार्यातून स्पष्ट झाली.

पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे नाणकशास्त्रीय लेख १९८१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.