पॉल ब्रोका

पिएर पॉल ब्रोका (२८ जून, १८२४ – ९ जुलै, १८८०) हे फ्रेंच शल्यचिकित्सक, शरीररचनाशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ होते. मेंदूच्या डाव्या अर्धगोलातील वाणीशी संबंधित भाग त्यांच्या नावाने ब्रोका क्षेत्र म्हणून ओळखला जातो. कर्करोगावरील त्यांचे संशोधन त्यामानाने कमी परिचित आहे. एका कुटुंबात पिढ्यानपिढ्या आढळणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाची पद्धतशीर नोंद त्यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. आनुवंशिक स्तन कर्करोगाच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना बहुधा याच नोंदीपासून सुरुवात केली जाते.

जीवन

ब्रोका यांचा जन्म नैर्ऋत्य फ्रान्समधील सेंत-फॉय-ला-ग्रांद या गावी एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. त्यांचे वडील बेंजामिन हे डॉक्टर होते व त्यांनी नेपोलियनच्या सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून काम केले होते. आई धर्मोपदेशकाची कन्या होती. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ब्रोका १८४१ मध्ये पॅरिसला गेले आणि १८४९ मध्ये त्यांनी वैद्यकातील पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा एक भाग कर्करोगाच्या गाठींविषयी होता. शल्यचिकित्सकांनी सूक्ष्मदर्शक वापरावा की नाही, याविषयीच त्या काळी पॅरिसमध्ये मतभेद होते. ब्रोका सूक्ष्मदर्शकाच्या बाजूचे होते. कर्करोगाच्या विकृत शरीररचनेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला १८५० मध्ये वैद्यक अकादमीचा पुरस्कार मिळाला. कर्करोगाच्या पेशी शिरांमधून शरीरात पसरतात, असे त्यांनी दाखवून दिले होते.

१८५७ मध्ये त्यांचा विवाह आदेल ऑग्युस्तीन लुगोल यांच्याशी झाला. आदेल यांचे वडील झां लुगोल हे डॉक्टर होते. आजही वापरात असलेले लुगोल आयोडीन द्रावण त्यांच्याच नावाचे आहे. ब्रोका दांपत्याला एक मुलगी व दोन मुलगे झाले. मुलांपैकी ऑग्युस्त पुढे शल्यचिकित्सक झाले, तर आंद्रे पदार्थविज्ञानाकडे वळले.

ब्रोका यांनी १८५९ मध्ये पॅरिस मानवशास्त्र संस्थेची स्थापना केली. एप्रिल १८६१ मध्ये बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण मरण पावला. वीस वर्षांहून अधिक काळ तो ‘तां’ या एकाच अक्षराखेरीज जवळपास काहीच बोलू शकत नव्हता. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. अशा आणखी रुग्णांच्या अभ्यासानंतर, वाणीचे नियंत्रण सामान्यतः मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडे असते, असे प्रतिपादन ब्रोका यांनी १८६५ मध्ये केले.

मानवशास्त्रातील त्यांच्या कामाचा मोठा भाग कवट्यांच्या व मेंदूंच्या मोजमापांचा होता. त्यावरून त्यांनी मानववंशांच्या आणि स्त्री-पुरुषांच्या बुद्धीविषयी काढलेले अनुमान पुढे चुकीचे ठरले. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी १९८१ मध्ये त्यावर सविस्तर टीका केली. स्त्रियांचा मेंदू सरासरीने लहान असल्याचे सांगणाऱ्या ब्रोका यांनीच अखेरच्या काळात मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा पुरस्कार केला, हे येथे नमूद करावे लागेल. १८८० मध्ये ते फ्रान्सच्या सिनेटचे आजीव सदस्य झाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे.

कर्करोगाची वंशावळ

गाठींवरील आपल्या ग्रंथाच्या १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात ब्रोका यांनी एका कुटुंबाची वंशावळ दिली. व्यक्तींची नावे न देता त्यांनी केवळ अक्षरे वापरली. हे कुटुंब त्यांच्या पत्नीच्या नात्यातील होते, असे वैद्यकाच्या इतिहासात सामान्यतः मानले जाते.

वंशावळीची सुरुवात १७८८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या एका स्त्रीपासून होते. तिच्या चारही मुली कर्करोगानेच गेल्या. दोघींना स्तनाचा, तर दोघींना यकृताचा कर्करोग झाल्याची नोंद आहे. पुढच्या पिढ्यांतही तेच घडत राहिले. चार पिढ्यांतील २४ स्त्रियांपैकी १० जणी स्तनाच्या कर्करोगाने मरण पावल्या. हे प्रमाण सर्वसाधारण लोकांमधील प्रमाणापेक्षा इतके अधिक होते, की ते योगायोगाने घडणे शक्य नाही, असा निष्कर्ष ब्रोका यांनी काढला. कर्करोगाकडे असलेला कल वारशाने येतो, असे त्यांचे मत होते. यकृताच्या कर्करोगाच्या जुन्या नोंदी मात्र आज जपून वाचाव्या लागतात. अन्य अवयवातून यकृतात पसरलेला कर्करोग त्या काळी वेगळा ओळखता येत नसे.

वारसा नेमका कशामुळे पुढे जातो, हे सांगण्याचे साधन ब्रोका यांच्यापाशी नव्हते. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यांवरील निबंध त्याच १८६६ मध्ये छापला गेला, पण त्याचे महत्त्व १९०० पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. धोका ओळखता आला, तरी त्या कुटुंबातील स्त्रियांसाठी काही करणेही शक्य नव्हते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. ब्रोका यांच्या काळात स्तनातील गाठ हाताला लागेल एवढी मोठी झाल्यावरच कळत असे, आणि जंतुनाशकांविना होणारी शस्त्रक्रिया स्वतःच जीवघेणी ठरू शकत असे. आपल्या मुलीपर्यंत हा वारसा पोहोचला आहे की नाही, हे कोणत्याही आईला कळण्याचा मार्ग नव्हता.

नंतरचे संशोधन

अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने १९९० मध्ये अशाच कुटुंबांच्या वंशावळी व रक्ताचे नमुने तपासून, कमी वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुक १७ व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. हे जनुक म्हणजे बीआरसीए-१. त्याची संपूर्ण रचना १९९४ मध्ये उलगडली. १३ व्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ ची रचना पुढच्याच वर्षी समजली. ही दोन्ही जनुके डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिने घडवतात. त्यांत घातक बदल असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ६० टक्क्यांहून अधिक असते. बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. असा बदल आईइतकाच वडिलांकडूनही येऊ शकतो. म्हणूनच वडिलांकडच्या आत्या व आजी यांचा आजारही वंशावळीत नोंदवणे आवश्यक असते. व्यवहारात नेमकी हीच बाजू अनेकदा विचारायची राहून जाते.

अशा स्त्रियांसाठी सर्वसाधारण मॅमोग्राफी पुरेशी ठरत नाही. त्यांना कर्करोग तरुण वयात होऊ शकतो, आणि तरुण स्त्रियांच्या स्तनातील ऊती दाट असल्याने क्ष-किरण चित्रात लहान गाठ झाकली जाते. नेदरलँड्समध्ये आनुवंशिक किंवा कौटुंबिक धोका असलेल्या १,९०९ स्त्रियांची तपासणी करण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आसपासच्या ऊतींत शिरणारे कर्करोग ओळखण्याचे प्रमाण एमआरआयमध्ये सुमारे ८० टक्के, मॅमोग्राफीत ३३ टक्के, तर डॉक्टरांनी हाताने केलेल्या तपासणीत १८ टक्के होते. मात्र कर्करोग नसताना शंका उपस्थित होण्याचे प्रमाणही एमआरआयमध्ये अधिक होते. त्यामुळे काही स्त्रियांना विनाकारण पुढील तपासण्यांना व त्यासोबतच्या काळजीला सामोरे जावे लागते. अनेक देशांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जनुकीय बदल असलेल्या स्त्रियांची दरवर्षीची एमआरआय तपासणी वयाच्या २५ ते ३० वर्षांच्या दरम्यान सुरू होते आणि मॅमोग्राफी त्यानंतर जोडली जाते. काही स्त्रिया स्तन किंवा बीजांडकोश आधीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया निवडतात.

कुटुंबातील घातक बदल माहीत असूनही एखाद्या स्त्रीमध्ये तो आढळला नाही, तर तिचा धोका सामान्यतः इतर स्त्रियांएवढाच धरला जातो व तिला ही वाढीव तपासणी करावी लागत नाही.