कॉलिन चॅपमन : हलक्या मोटारींचे शिल्पकार

आमच्या कुंभारीच्या रस्त्यानें गळिताच्या हंगामांत उंसानें लादलेली वाहनें जातात. चढ लागला कीं इंजिन धापा टाकूं लागतें, आणि पाहणाऱ्या मुलांस वाटतें कीं इंजिन याहून मोठें हवें होतें. ओझें कमी करावें हा विचार मात्र सहसा कोणास सुचत नाहीं. तोच विचार ज्यांनीं जन्मभर केला, त्या एका इंग्रज यंत्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

कॉलिन चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजीं लंडनजवळील रिचमंड येथें झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यांनीं स्थापत्यशास्त्राचा अभ्यास केला. पुलाच्या कोणत्या कांबीवर किती भार येतो, हें गणितानें काढण्यास ते तेथें शिकले. आणि जी कांब भार वाहत नाहीं ती व्यर्थ होय, हा धडा त्यांनीं पुढें मोटारीस लावला. १९४८ सालीं एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवरून त्यांनीं आपली पहिली मोटार घडविली. हेझल विल्यम्स या त्यांच्या मैत्रिणीच्या घरामागील गॅरेज हाच त्यांचा कारखाना. १९५२ सालीं ‘लोटस’ कंपनी निघाली, तेव्हां लागणारे २५ पौंडही हेझल यांनींच उसने दिले. पुढें या दोघांचा विवाह झाला.

१९५७ सालीं त्यांची ‘लोटस सेव्हन’ ही छोटी गाडी बाहेर आली. त्या काळीं इंग्लंडांत तयार मोटारीवर खरेदी-कर असे. सुट्या भागांच्या रूपानें घेतलेल्या गाडीस तो पडत नसे. म्हणून पुष्कळ ग्राहक सुटे भाग घरीं नेत व स्वतःच्या हातांनीं गाडी जोडीत. तिचें वजन सुमारें ५०० किलो आणि पहिल्या गाड्यांतील इंजिन अवघें ४० अश्वशक्तीच्या आसपास. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा : एक हजार किलोच्या गाडीस तितकीच चपळाई आणावयाची तर ८० अश्वशक्ति पाहिजे!

शर्यतीच्या गाड्यांतही त्यांनीं हीच काटकसर चालविली. १९६२ सालीं नळ्यांचा सांगाडा काढून त्यांनीं पत्र्याचें पोकळ कवच योजिलें. १९६७ सालीं इंजिनासच सांगाड्याचें काम दिलें. त्यांच्या गाडींत बसून जिम क्लार्क १९६३ व १९६५ सालीं जगज्जेते झाले. परंतु हेच क्लार्क १९६८ सालीं लोटस हांकतांना अपघातांत मृत्यु पावले, आणि १९७० सालीं योखेन रिंट यांचाही तसाच अंत झाला. प्रत्येक अपघाताचा दोष हलकेपणास देणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि चॅपमन यांच्या गाड्या नाजुक असतात, ही टीका त्यांच्या पाठीस कायमची लागली.

१९८० सालीं त्यांच्या कंपनीनें ‘एस्प्री टर्बो’ ही गाडी काढली. इंजिनाचा धूर वायां न घालवितां त्याच्या जोरानें एक चक्र फिरवावयाचें, आणि त्या चक्रास जोडलेल्या दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावयाची, अशी ही युक्ति आहे. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जळतें व जोर वाढतो. जें इंजिन १६० अश्वशक्ति देत होतें, तेवढ्याच आकाराचें हें इंजिन २१० देऊं लागलें. परंतु इंजिन बदलून भागलें नाहीं. सांगाडा सुधारावा लागला, ब्रेकही मोठे करावे लागले.

१६ डिसेंबर १९८२ रोजीं, वयाच्या ५४ व्या वर्षीं, चॅपमन हृदयविकारानें वारले. रेनो कंपनीचें टर्बो इंजिन बसविलेली लोटस १९८३ सालीं शर्यतींत उतरली, ती पाहण्यास ते राहिले नव्हते. डिलोरियन नांवाच्या मोटारीसाठीं आलेल्या पैशांच्या अपहाराच्या प्रकरणांत त्यांचें नांव गुंतलें होतें. त्याचा जबाब देण्यासही ते उरले नाहींत. एवढ्या कर्तबगार पुरुषाच्या स्मृतीवर हा डाग राहिला, याची आम्हांस हळहळ वाटते.

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस यंत्रांची हौस आहे. व्यर्थ भार टाकून द्यावा, हें त्यांनीं चॅपमन यांच्यापासून अवश्य शिकावें. मात्र मोठें इंजिन बसविण्यापूर्वीं सांगाडा व ब्रेक तपासावे. आणि सचोटी हा टाकून देण्याजोगा भार नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें.