मादाम क्यूरी आणि एक जुनी डबी

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत लिंबायतमधील आमच्या गल्लीत एक लहानसा प्रसंग घडला. शेजारच्या गुजराती काकांचे बंधू पुष्कळ वर्षे अमेरिकेत राहून परत आले होते. त्यांच्या सामानातून बशीएवढी, पिवळट पडलेली एक प्लास्टिकची डबी निघाली. छताला लावावयाची आणि धूर होताच कर्कश आवाज करून घरातल्यांना सावध करणारी ही डबी काका भंगारवाल्याच्या तराजूत टाकणार, तोच तिच्या पाठीवरचे किरणोत्सर्गाचे तीन पाकळ्यांचे चिन्ह कोणाच्या तरी नजरेस पडले. काकूंनी घाबरून ती अंगणाच्या कोपऱ्यात ठेवविली आणि लहान मुलांना तिकडे फिरकण्याची बंदी केली. आम्ही दुरूनच वाकून अक्षरे वाचली. अमेरिशियम २४१, एक मायक्रोक्यूरी, असे तेथे छापलेले होते. त्या शब्दात दडलेले नाव आम्ही पाठ्यपुस्तकात वाचले होते. परंतु ज्या विदुषीमुळे ते जगभर झाले, तिच्या चरित्राची आम्हांस फारशी माहिती नव्हती. ती मिळविण्यास ही डबी निमित्त झाली.

मारी स्क्लोडोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा नगरीत झाला. देश रशियाच्या अंमलाखाली होता. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. पाच भावंडांतली ही धाकटी. ती अकरा वर्षांचीही झाली नव्हती तोच क्षयाने आई गेली. मुलींना विद्यापीठाची दारे बंद असल्यामुळे तिने चोरून भरणाऱ्या वर्गांत शिक्षण घेतले. पुढे थोरल्या बहिणीला पॅरिसमध्ये वैद्यकी शिकता यावी म्हणून ती परक्या घरी मुलांची शिक्षिका होऊन राहिली आणि कमाई बहिणीला पाठवीत गेली. स्वतः पॅरिसला पोचावयास तिला १८९१ साल उजाडले. १८९३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या पदवी परीक्षेत तिचा पहिला क्रमांक आला. १८९५ मध्ये प्येर क्यूरी या शास्त्रज्ञाशी तिचा विवाह झाला आणि नवी जोडी सायकलींवरून फिरावयास निघाली.

आता त्या डबीशी ज्याचा थेट संबंध आहे, त्या प्रयोगाकडे वळू. १८९६ मध्ये बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण निघत असल्याचे आढळले. हे किरण हवेतून गेले की हवेचे कण विद्युद्भारित होतात आणि एरवी वीज वाहून न नेणारी हवा किंचित वाहक बनते. मारीबाईंनी धातूच्या दोन तबकड्या समोरासमोर ठेवल्या, एकीवर खनिजाची पूड पसरली आणि दोहोंमधून वाहणारा अतिसूक्ष्म प्रवाह मोजला. त्यासाठी लागणारे नाजूक उपकरण प्येर व त्यांचे बंधू यांच्या शोधावर आधारलेले होते. पिचब्लेंड या खनिजाने युरेनियमपेक्षाही अधिक प्रवाह दाखविला, तेव्हा त्यात एखादे अज्ञात मूलद्रव्य असले पाहिजे असे त्यांनी ताडले. १८९८ च्या जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम अशी दोन मूलद्रव्ये त्यांनी जाहीर केली. पहिल्याला आपल्या पारतंत्र्यातील मायभूमीचे नाव दिले, हे आम्हांस विशेष हृद्य वाटते.

आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी समजावून सांगितले, की छतावरची डबी हाच प्रयोग रात्रंदिवस करीत असते. तिच्यात दोन धातूच्या पट्ट्या असतात आणि अमेरिशियमचा, ग्रॅमच्या दशलक्षांश भागाहूनही कमी असा, कण असतो. त्याच्या किरणांनी हवेतून बारीकसा प्रवाह वाहतो. धुराचे कण आत शिरले की प्रवाह मंदावतो आणि घंटा वाजते. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला इमारतीच्या आगीत शिकवणीला आलेली मुले होरपळली, बावीस जीव गेले. त्या शहरात राहणाऱ्या आम्हांला धुराची आगाऊ सूचना ही क्षुल्लक गोष्ट वाटत नाही.

असो. रेडियमचे अस्तित्व सिद्ध करणे वेगळे आणि ते हाती घेणे वेगळे. गळक्या छपराच्या एका पडवीवजा जागेत मारीबाईंनी कित्येक टन खनिजाचा चोथा उकळला, ढवळला, गाळला. १९०२ मध्ये हाती आले ते ग्रॅमचा दहावा भाग रेडियम क्लोराइड! त्यांच्या कृतीचे पेटंट या दांपत्याने घेतले नाही. अंधारात नळ्या मंद प्रकाशाने चमकत, ते पाहण्यास दोघे रात्री जात. प्येर यांनी मुद्दाम दंडावर रेडियम बांधून पाहिले. त्याची जखम भरावयास अनेक आठवडे लागले. तरीही नळ्या खिशात बाळगल्या जात. बोटांची टोके कठीण होऊन दुखत. अशी जखम करणारे द्रव्य आतूनही शरीर पोखरत असेल, ही शंका त्या काळी पुरती जागी झाली नव्हती.

१९०३ मध्ये दोघांना बेकरेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ च्या एप्रिलात पावसाळी रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून प्येर मृत्यू पावले. मारीबाई दोन मुलींना घेऊन उभ्या राहिल्या आणि पतीच्या जागी सॉरबॉनमध्ये शिकवू लागल्या. तेथे अध्यापन करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९११ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकटीला मिळाले. महायुद्धात क्ष-किरणांची यंत्रे मोटारींवर चढवून त्या आघाडीजवळच्या रुग्णालयांत गेल्या. थोरली कन्या इरेनही कोवळ्या वयात या कामी उतरली.

१९२० नंतर अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुलींचे हाल जगापुढे आले. कुंचल्याला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरीत आणि रेडियम पोटात जाई. जबड्याची हाडे कुजून कित्येक दगावल्या. पॅरिसच्या प्रयोगशाळेत मग रक्ततपासणी आणि सावधगिरीचे नियम आले. मारीबाई ते सहकाऱ्यांना पाळावयास लावीत, स्वतः मात्र हेळसांड करीत. आमच्या मते या थोर चरित्रातील ही उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही. डोळ्यांत मोतीबिंदू झाले, शस्त्रक्रिया झाल्या. ४ जुलै १९३४ रोजी, रक्त निर्माण करणारी मज्जाच निकामी झाल्यामुळे, त्यांचे देहावसान झाले. पुढे १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात नेताना शिशाचे अस्तर असलेली पेटी आढळली. तपासणीत किरणोत्सर्ग अल्प भरला, म्हणून युद्धातील क्ष-किरणांनीच अधिक घात केला असावा, असा तर्क तज्ज्ञांनी केला.

काकूंची भीती कितपत खरी होती? अमेरिशियमचे मुख्य किरण साध्या कागदाने अडतात, हवेतही काही सेंटिमीटरच जातात. बंद डबी छतावर असताना तिच्यापासून घरातल्यांना पोचणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो. मात्र डबी जुनी झाली म्हणजे आतला कण निवाला, असे नाही. त्याचे अर्धे तेज सरावयास सुमारे ४३२ वर्षे लागतात. पन्नास वर्षांत शंभरातले आठच भाग कमी होतात. निकामी होतात त्या तारा व विजेचे भाग. फार जुन्या काही यंत्रांत तर रेडियमच वापरले जाई आणि मोठ्या इमारतींतील यंत्रांत अमेरिशियमही अधिक असे. धोका आहे तो डबी फोडण्यात, जाळण्यात, तो कण बोटाला लागून पोटात किंवा श्वासावाटे फुप्फुसात जाण्यात. भंगाराच्या दुकानात हातोडी चालते, हे कोणास सांगावयास नको. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचे जुने यंत्र भंगारात गेले. त्यातील कोबाल्टच्या तीव्र किरणांनी एक कामगार मरण पावला, इतर आजारी पडले. ते द्रव्य या डबीपेक्षा कितीतरी पटींनी प्रखर होते हे खरे. पण फोडणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नव्हते, हे दोहोंकडे सारखेच.

अशी डबी न उघडता विक्रेत्याकडे वा उत्पादकाकडे परत द्यावयाची असते. आपल्या देशात या विषयाचे नियमन करणारे परमाणु ऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईत आहे. गुरुजींच्या सांगण्यावरून काकांनी मंडळाला पत्र लिहिले. डबी न उघडता जाड पिशवीत घालून माळ्यावर ठेवली आहे आणि वर गुजरातीत व मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, की भंगारात देऊ नये. मराठी अक्षरे आमची आहेत.