हेन्री ओसावा टॅनर : माणसाकडे पाहण्याची विद्या

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या काळी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एक चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा चित्रकार होण्याचे स्वप्न पाहत होता. हेन्री ओसावा टॅनर हे त्याचे नाव. पुण्यातील ग्रंथकाराला या मुलाची माहिती असण्याचे कारण नव्हते; परंतु ज्या मुक्तीचा गौरव त्या अर्पणपत्रिकेत आहे, तिच्या पहिल्या पिढीचा हा वारस होता.

टॅनर यांचा जन्म २१ जून १८५९ रोजी पिट्सबर्ग येथे झाला. आई सारा यांचा जन्म गुलामगिरीतला; बालपणीच त्या उत्तरेकडील मुक्त प्रांतात पोहोचल्या. वडील बेंजामिन टॅनर हे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र चर्चचे धर्मोपदेशक आणि विद्याव्यासंगी लेखक होते. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र हाती घेणाऱ्या जॉन ब्राऊन यांनी कॅन्ससमधील ओसावाटोमी येथे लढा दिला होता. त्या गावाच्या नावावरून वडिलांनी मुलाचे मधले नाव ठेवले. अशा रीतीने संघर्षाचा इतिहास त्या मुलाच्या नावातच कोरला गेला.

वयाच्या तेराव्या वर्षी वडिलांबरोबर बागेत फिरताना टॅनर यांनी एका चित्रकाराला निसर्गचित्र रंगविताना पाहिले आणि त्याच दिवशी आपला मार्ग निश्चित केला. चित्रकलेवर पोट भरणार नाही, या चिंतेने वडिलांनी त्यांना पिठाच्या व्यवसायात घातले. ते कष्ट न सोसून ते आजारी पडले. अखेर वडिलांनी संमती दिली आणि १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनिया ॲकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्स या नामवंत कलाशाळेत त्यांना प्रवेश मिळाला.

त्या काळच्या कलाशिक्षणाचा क्रम ठरलेला होता. विद्यार्थ्याने प्रथम ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून कोळशाने रेखाटन करावे, छायाप्रकाशाचा सराव करावा, आणि हात बसल्यावरच जिवंत मॉडेलसमोर बसावे. टॅनर यांचे गुरू टॉमस एकिन्स यांना हा क्रम मान्य नव्हता. पुतळ्याची नक्कल म्हणजे नकलेची नक्कल, असे ते मानत. विद्यार्थ्याने लवकरात लवकर जिवंत माणसासमोर बसावे, बाह्यरेषा घोटीत न बसता कुंचल्याने थेट शरीराचे वजन, तोल आणि घडण पकडावी, असा त्यांचा आग्रह होता. कोणत्या पायावर भार आहे, कंबर कोठे झुकली आहे, मान कशी वळली आहे, हे आधी समजले पाहिजे. त्वचेखालील हाडे व स्नायू कळावेत म्हणून शवविच्छेदनही अभ्यासक्रमात होते. मानवी देहाकडे संकोचाने अथवा चवीने न पाहता अभ्यासकाच्या दृष्टीने पाहावे, ही त्यांची शिकवण होती. विद्यार्थिनींच्या उपस्थितीत एका पुरुष मॉडेलचे कटिवस्त्र दूर केल्याच्या वादातून पुढे १८८६ मध्ये त्यांना ती संस्था सोडावी लागली.

एकदा टॅनर यांचा एक अभ्यास चांगला उतरला. एकिन्स यांनी प्रशंसा केली. तेव्हा साधलेले बिघडेल या भीतीने टॅनर यांनी हात आखडता घेतला. गुरूंनी त्यांना सुनावले की, चित्र अधिक चांगले कर किंवा बिघडव, पण मध्येच तडजोड करून थांबू नकोस. हा धडा टॅनर यांनी आयुष्यभर जपला आणि आत्मकथनात कृतज्ञतेने नोंदविला.

परंतु त्याच कलाशाळेत दुसरेही एक वास्तव होते. तेथील एका चित्रकाराने उतारवयात लिहिलेल्या आठवणींत एका कृष्णवर्णीय सहाध्यायाला मुलांनी रात्री भर रस्त्यात त्याच्याच ईझलला बांधून ठेवल्याचा प्रसंग सांगितला आहे, आणि तोही खेदाशिवाय. तेथे नाव दिलेले नसले, तरी तो विद्यार्थी टॅनरच असावेत असे अभ्यासक मानतात. दिवसभर मॉडेलच्या देहातील स्नायू न् स्नायू न्याहाळणाऱ्या डोळ्यांना शेजारी बसलेला माणूस दिसू नये! शिक्षण डोळ्यांना मिळाले, मनाला मिळाले नाही, तर काय होते याचे हे उदाहरण आहे.

टॅनर यांनी शिक्षण सोडले नाही. पुढे अटलांटा येथे त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तो चालला नाही. १८९० मध्ये सिनसिनाटी येथील प्रदर्शनातील चित्रांना गिऱ्हाईक मिळाले नाही, तेव्हा बिशप हार्टझेल दांपत्याने ती सर्व विकत घेतली. त्या पैशावर टॅनर १८९१ मध्ये युरोपास निघाले आणि पॅरिसच्या ॲकॅडमी ज्युलियनमध्ये दाखल झाले. धुराने कोंदलेल्या, गर्दीच्या त्या वर्गांत आठवडाभर एकाच मुद्रेतील मॉडेलवरून काम चाले. तेथे त्यांच्या रेखाटनाकडे पाहिले गेले, वर्णाकडे नाही.

या साधनेचे फळ १८९३ च्या ‘बँजो लेसन’ या चित्रात दिसते. त्या काळी अमेरिकेच्या रंगभूमीवर आणि छापील चित्रांत बँजो वाजविणारा कृष्णवर्णीय माणूस हा हसण्याचा विषय होता. टॅनर यांनी तेच वाद्य घेतले आणि एका गरीब घरात आजोबा नातवाला ते शिकवीत असल्याचे रंगविले. वृद्धाचे वाकलेले खांदे, वाद्याचा भार सावरणारा हात, मुलाची एकाग्र मान, सारे शरीरशास्त्राच्या काटेकोर ज्ञानाने उभे आहे. जी रेखाटनविद्या देवदेवता आणि राजेरजवाडे यांच्यासाठी राखीव मानली जाई, ती त्यांनी आपल्या माणसांच्या सन्मानासाठी वापरली. विटंबनेला त्यांनी दिलेले हे उत्तर होते.

१८९७ मध्ये त्यांच्या ‘लाझारसचे पुनरुत्थान’ या चित्राला पॅरिसच्या सलोंमध्ये पदक मिळाले आणि फ्रेंच सरकारने ते विकत घेतले. १९२३ मध्ये फ्रान्सने त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा बहुमान दिला. २५ मे १९३७ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. आयुष्याचा मोठा भाग त्यांना मायदेशाबाहेर काढावा लागला, ही त्या देशाने मोजलेली किंमत होय.

१९०० च्या सुमारास एकिन्स यांनी आपल्या या शिष्याचे व्यक्तिचित्र रंगविले. एकेकाळी ज्याला रस्त्यात बांधून ठेवले गेले असावे, तो आता गुरूसमोर मॉडेल म्हणून बसला होता, आणि गुरू त्याला जसा आहे तसा पाहत होते. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनी हाती पेन्सिल धरताना एवढेच ध्यानी ठेवावे की, समोरच्या माणसाला पूर्वग्रह बाजूला सारून नीट पाहता येणे ही सर्व विद्यांची पहिली पायरी आहे. ती चढल्याशिवाय ना चित्र साधते, ना समता.