फिरोजी मदरशाचा वजीर

बिदरमध्ये महमूद गावानच्या मदरशाचा एकच मिनार आज उभा आहे. पाचशे वर्षांचे ऊन-पाऊस सोसूनही त्यावरच्या निळ्या टाइल्स चमकतात. हा रंग इराणचा आणि तो दख्खनच्या या मदरशावर चढवणारा माणूस आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ बंदरात उतरला होता.

इराणचा बराच मुलूख कोरडा, इमारती मातकट विटांच्या. तिथे निळा म्हणजे पाणी आणि आसमान. निशापूरच्या खाणीतल्या फिरोजा खड्याचे नावच फतेहशी जोडलेले; तो नजर लागू देत नाही, अशी समजूत. म्हणून मशिदींचे घुमट आणि मदरशांच्या कमानी या रंगाने मढल्या.

महमूद कास्पियनकाठच्या गीलानचा, खानदानी घरातला. दरबारी कारस्थानांमुळे वतन सुटले, तेव्हा त्याने व्यापार धरला. १४५३ च्या सुमारास तो दाभोळमार्गे बिदरला पोहोचला आणि बहमनी दरबारात वजिरीपर्यंत चढला. संगमेश्वर, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड आणि १४७२ मध्ये गोवा त्याने जिंकला. त्या मोहिमांची होरपळ कोकणाने सोसली, हेही विसरता येत नाही.

त्याच १४७२ साली मदरसा उभा राहिला. तीन मजले, विद्यार्थी-शिक्षकांच्या खोल्या, मशीद, मोठा कुतुबखाना. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या टाइल्स आणि कुराणातील आयती. गीलानचे घर कायमचे सुटलेल्या माणसाने आपले आसमान इल्मच्या दारावर लावले.

इतिहासकार सांगतात, वजीर स्वतः साधा राहत असे. घरखर्च व्यापाराच्या नफ्यातून चाले, बाकी कमाई गरिबांना जाई. पण त्याने सुभ्यांची संख्या चारावरून आठ केली, सरदारांची ताकद कमी झाली आणि ते दुखावले. त्यांनी त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला बनावट पत्र लिहिले. नशेतल्या सुलतानाने शहानिशा केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या वजिराचा शिरच्छेद झाला. घराची झडती घेतली, तर खजिना निघालाच नाही. पस्तावलेला सुलतान वर्षभरात वारला आणि पुढे सल्तनतीचे पाच तुकडे झाले.

१६९६ मध्ये दारूच्या स्फोटात मदरशाचा मोठा भाग कोसळला. रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब मांडतो. हाती आलेली दौलत आणि सत्ता अमानत समजणाऱ्या या वजिराचा हिशेब त्याच्या रिकाम्या खजिन्यात आहे, आणि उरलेल्या त्या निळ्या टाइल्समध्येही.