सोइचिरो होंडा : हट्ट आणि यंत्र

जुन्या मोटारी जमविण्याचा छंद पूर्वी बहुतांशी युरोप-अमेरिकेतील गाड्यांपुरता होता. जपानी मोटार म्हणजे स्वस्त, काटकसरी आणि वापरून मोडीत काढायची वस्तू, असाच समज होता. तो आता राहिलेला नाही. १९६७ ते १९७० या काळात जेमतेम साडेतीनशे तयार झालेल्या टोयोटा २००० जी. टी. पैकी एक गाडी २०१३ मध्ये लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. होंडा कंपनीच्या एस ५००, एस ६०० व एस ८०० या चिमुकल्या उघड्या मोटारी त्या मानाने पुष्कळच स्वस्त. पण जाणकार गिऱ्हाईक अशी गाडी पाहायला आला, की बॉनेट उघडण्याआधी खाली वाकून मागच्या चाकांकडे पाहतो. तेथे साखळी आहे की नाही, हे त्याला पाहायचे असते. मोटारीला साखळी, आणि तीही १९६३ साली! ही साखळी तेथे आली कशी, हे समजून घ्यायचे तर सोइचिरो होंडा या माणसाकडेच वळावे लागते.

१७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमधील हामामात्सुजवळच्या कोम्यो या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील गिहेई लोहार; पुढे सायकलदुरुस्तीही करू लागले. भाता, ऐरण आणि हातोडा यांच्या सहवासात मुलगा वाढला. गावात पहिली मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे धावत सुटला आणि जमिनीवर सांडलेल्या तेलाचा वास घेत राहिला. शाळेच्या पुस्तकांशी मात्र त्याचे फारसे जमले नाही.

१९२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो टोकियोतील ‘आर्ट शोकाई’ या मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात उमेदवार म्हणून लागला. आरंभी काम मिळाले ते मालकाचे मूल सांभाळण्याचे! मालक युझो साकाकिबारा यांना शर्यतींचा नाद होता. अमेरिकन कर्टिस विमानाचे जुने इंजिन एका मोटारीच्या सांगाड्यावर बसवून त्यांनी शर्यतीची गाडी उभी केली. ती बांधताना सोइचिरो रात्री जागला. १९२४ मध्ये ही गाडी शर्यत जिंकली, तेव्हा चालकाशेजारी मेकॅनिक म्हणून तोच बसला होता. टाकाऊ वस्तूतून वेगवान यंत्र उभे करण्याची विद्या त्याला येथे मिळाली.

१९२८ मध्ये त्यांनी हामामात्सु येथे याच गॅरेजची शाखा काढली. मोटारीच्या चाकांना तेव्हा लाकडी आरे असत. होंडांनी ओतीव लोखंडाचे आरे काढले, आणि ते थेट हिंदुस्थानापर्यंत निर्यात झाले. १९३६ मध्ये तामागावा येथील शर्यतीत त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. ते स्वतः जखमी झाले व शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला गंभीर दुखापत झाली. पुढे पिस्टन रिंगांच्या कारखान्यात टोयोटाने तपासलेल्या पन्नास रिंगांपैकी तीनच उतरल्या, तेव्हा हा तिशी ओलांडलेला गृहस्थ धातुशास्त्र शिकायला पोरांच्या शेजारी वर्गात जाऊन बसला. परीक्षेला मात्र बसला नाही. (आपल्यापैकी काहींना हा भाग विशेष आवडेल.)

बाँबहल्ले व भूकंप यांत कारखान्याची वाताहत झाली. युद्धानंतर त्यांनी तो टोयोटाला विकला आणि १९४६ मध्ये लष्करी रेडिओसंचांची उरलेली छोटी इंजिने सायकलींना जोडायला सुरुवात केली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून अंथरुणात शेकायची गरम पाण्याची बाटली लावली होती! १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी ताकेओ फुजिसावा हे भागीदार लाभले. पैसा, विक्री आणि माणसे फुजिसावांनी सांभाळायची, यंत्रे होंडांनी, अशी वाटणी झाली. १९६१ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतींत होंडाच्या मोटारसायकलींनी १२५ व २५० घन सेंटिमीटर हे दोन्ही गट जिंकले.

आता मोटारी काढायच्या होत्या. पण सरकारच्या मनात नव्या कारखान्यांना या धंद्यात येऊच द्यायचे नव्हते. तसे विधेयकही तयार होते. (आपल्याकडील लायसन्स-परमिटची आठवण व्हावी.) होंडा संतापले. तांबडा रंग अग्निशामक गाड्यांसाठी राखून ठेवलेला, तर तोही त्यांनी भांडून मिळवला. विधेयक अखेर बारगळले, परंतु त्यापूर्वीच १९६३ मध्ये एस ५०० बाजारात आली होती.

ही मोटार म्हणजे मोटारसायकलवाल्याने काढलेली मोटार. इंजिन अवघे ५३१ घन सेंटिमीटरचे. पण चार सिलिंडरांना चार कार्ब्युरेटर आणि मिनिटाला आठ हजार फेरे. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र साखळी, तेलाने भरलेल्या बंद पेटीत फिरणारी. ही पेटीच चाकाला धरून ठेवणारा दांडाही होती. त्यामुळे वेग घेताना गाडीचा मागचा भाग खाली बसण्याऐवजी वर उचलला जाई. एस ८०० या मॉडेलमध्ये १९६६ सालीच कंपनीने साखळी सोडून नेहमीचा आस बसवला. म्हणून साखळीवाली गाडी संग्राहकांना अधिक प्रिय. पण दुरुस्ती करणाऱ्याचा येथे कस लागतो. क्रँकशाफ्ट एकसंध नसून तुकडे दाबून जोडलेला व रोलर बेअरिंगवर फिरणारा. बेअरिंग बदलायचे तर तो सुटा करून पुन्हा अचूक रेषेत आणावा लागतो. पत्रा गंजतो तो वेगळाच. घाईघाईने रंग चढविलेल्या गाडीपेक्षा मूळ इंजिन आणि मूळ भाग शाबूत असलेली मळकट गाडी जाणकार पसंत करतात, ते याचसाठी.

येथवर हट्टाने यशच दिले. १९६५ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोत रिची गिंथर यांनी होंडाची फॉर्म्युला वन गाडी पहिली आणली, तेव्हा तर होंडांना आपल्या अंतःप्रेरणेविषयी शंकाच उरली नसावी. इंजिन हवेने थंड करावे, पाण्याची भानगड नको, हे त्यांचे ठाम मत होते. पाणीही शेवटी हवेनेच थंड व्हायचे, मग ते मध्ये कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. तरुण इंजिनिअर विरोध करीत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. मॅग्नेशियमचा सांगाडा असलेली आर. ए. ३०२ ही हवेने थंड होणारी शर्यतीची गाडी चालवायला जॉन सर्टीस यांनी नकार दिला. ७ जुलै १९६८ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे पावसात ती जो श्लेसर यांच्या हाती दिली गेली. आरंभीच्याच फेऱ्यांत ती घसरून पेटली आणि श्लेसर जळून मेले.

माझ्या मते या माणसाच्या आयुष्यातील हा सर्वांत काळा दिवस. तरीही १९६९ मध्ये होंडा १३०० ही मोटार हवेने थंड होणारे इंजिन घेऊनच निघाली. यंत्र म्हणून अद्भुत, पण जड, महाग आणि खपाला कमी. अखेर इंजिनिअर फुजिसावांकडे गेले. आपण कंपनीचे अध्यक्ष आहात की इंजिनिअर, यांतले एक ठरवा, असे फुजिसावांनी मित्राला विचारले. होंडांनी अध्यक्षपद निवडले आणि पाण्याला परवानगी दिली. तरुणांनी केलेल्या पाण्याच्या इंजिनातूनच सी. व्ही. सी. सी. निघाले आणि १९७२ च्या अखेरीस अमेरिकेचे धुराविषयीचे कडक निकष सर्वांआधी पार पडले. पुढच्या वर्षी दोघे मित्र एकत्रच निवृत्त झाले. त्यानंतर होंडा देशभर विक्रेत्यांना व कामगारांना भेटून आभार मानत हिंडले.

५ ऑगस्ट १९९१ रोजी ते वारले. कंपनीने मोठी अंत्ययात्रा काढू नये, रहदारीला अडथळा होईल, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

आपल्याकडे होंडा हे नाव घरोघरी पोचले ते १९८४ नंतर, हिरो होंडा मोटारसायकल आणि पुण्याच्या उद्योगसमूहाची कायनेटिक होंडा स्कूटर यांच्यामुळे. जपानमध्ये मोतेगी येथे १९९८ मध्ये कंपनीने संग्रहालय उघडले. तेथील कित्येक वाहने चालत्या स्थितीत ठेवली जातात. विमानाच्या इंजिनाची कर्टिस गाडी तेथे आहे, साखळीची एस ५०० आहे, मेक्सिकोची विजेती गाडी आहे. आणि श्लेसर ज्या प्रकारच्या गाडीत गेले, त्या आर. ए. ३०२ ची दुसरी प्रतही तेथे जपून ठेवलेली आहे.